एक सेमिस्टर परदेशात: ठाणे-नवी मुंबईतून एक्सचेंजला निघण्याची तयारी

एक्सचेंजला जाणारा विद्यार्थी शेवटपर्यंत आपल्याच कॉलेजचा राहतो. फी इथे भरायची, डिग्री इथलीच मिळणार, आणि तिकडे चार-पाच महिने शिकून मिळवलेली क्रेडिट्स इथल्या मार्कशीटवर चढली पाहिजेत. ती चढली नाहीत तर परत आल्यावर तेच सेमिस्टर ज्युनिअर बॅचबरोबर बसून पुन्हा करावं लागतं. व्हिसा, तिकीट, बॅग यांची धास्ती घरात सगळ्यांनाच असते. क्रेडिट्सची चौकशी मात्र निघायचा आठवडा उजाडेपर्यंत कुणी करत नाही. म्हणून सुरुवात तिथूनच.

कॉलेजच्या ऑफिसात आधी काय विचारायचं

निघायच्या नऊ-दहा महिने आधी, म्हणजे सप्टेंबरात जायचं असेल तर आदल्या नोव्हेंबर-डिसेंबरात, कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विभागात किंवा तो नसेल तर थेट विभागप्रमुखांकडे जा. "करार आहे का?" एवढंच विचारून परत येऊ नका. करार कोणत्या तारखेपर्यंत चालू आहे, तो तुमच्या शाखेला लागू आहे का, आणि त्यात तिकडची ट्यूशन फी माफ आहे का, हे तिन्ही विचारा. इंजिनीअरिंगसाठी झालेल्या कराराचा बीएमएसच्या मुलीला उपयोग नसतो, आणि कित्येक करार नुसते सहकार्याचे असतात, त्यात विद्यार्थी पाठवायची सोयच नसते. फी माफ नसेल तर ते पैसे भरून केलेलं स्टडी अब्रॉड आहे. त्याचा खर्च कैक पटींनी जास्त असतो.

तिकडे अर्ज करण्याआधी कॉलेजने तुमचं नाव कळवावं लागतं. याला नॉमिनेशन म्हणतात आणि ते फक्त कॉलेजच करू शकतं. "आमच्याकडून एक्सचेंज करून देतो" म्हणणाऱ्या एजंटला त्यासाठी एक रुपयाही देऊ नका. शरद ऋतूतल्या सत्रासाठी नॉमिनेशन साधारण मार्च-एप्रिलमध्ये होतं आणि विद्यार्थ्याचा अर्ज त्यानंतर महिनाभरात जातो. एखादी केटी (नापास होऊन राहिलेला विषय) लटकलेली असेल तर बहुतेक कॉलेजं नाव पुढे पाठवत नाहीत, म्हणून ती आदल्या परीक्षेत काढून टाका. इंग्रजीच्या परीक्षेसाठी धावायच्या आधी तिकडच्या विद्यापीठाला शिक्षणाच्या माध्यमाचं पत्र चालतं का ते पाहा. एक्सचेंजसाठी ते बऱ्याच ठिकाणी चालतं आणि कॉलेज एका अर्जावर देतं.

कॅलेंडर जुळतं का

देश निवडताना फोटो बघून निवडू नका, कॅलेंडर बघून निवडा. आपलं विषम सत्र जून-जुलैत सुरू होऊन नोव्हेंबरापर्यंत संपतं, सम सत्र डिसेंबर-जानेवारीपासून एप्रिल-मेपर्यंत. अमेरिकेतलं फॉल सेमिस्टर ऑगस्टच्या शेवटी सुरू होऊन डिसेंबरच्या मध्याला संपतं, सिंगापूरचं पहिलं सत्र ऑगस्ट ते डिसेंबरची सुरुवात. ही दोन्ही आपल्या विषम सत्रावर जवळजवळ बरोबर बसतात. जर्मनीत मात्र हिवाळी सत्राची व्याख्यानं ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चालतात आणि परीक्षा त्याच्या शेवटी येतात. म्हणजे इथलं विषम सत्र पूर्ण बुडतं आणि सम सत्राचाही महिना-दीड महिना जातो. जपानचं शरद सत्र सप्टेंबरच्या शेवटी सुरू होऊन फेब्रुवारीच्या सुरुवातीला संपतं. तिथेही तीच अडचण. अशा ठिकाणी जाऊच नये असं नाही, पण पुढच्या सत्राच्या बुडणाऱ्या आठवड्यांचं काय, हे निघण्याआधी लेखी ठरलेलं हवं. आमचं मत विचाराल तर तीन वर्षांच्या डिग्रीत तिसरं सत्र सगळ्यात सोयीचं. पाचव्यात गेलात तर प्लेसमेंट आणि पुढच्या प्रवेशपरीक्षा अंगावर येतात.

लर्निंग ॲग्रीमेंट: सगळ्यात महत्त्वाचा कागद

तुम्ही तिकडे कोणते विषय घेणार आणि त्यांच्या बदल्यात इथले कोणते विषय सुटणार, हे लिहिलेला हा कागद. त्यावर तिघांच्या सह्या लागतात: तुमची, आपल्या कॉलेजची आणि तिकडच्या विद्यापीठाची. युरोपात इरॅस्मस प्लस या युरोपियन युनियनच्या एक्सचेंज योजनेतल्या विद्यार्थ्यांना तो ठरलेल्या नमुन्यातच भरावा लागतो. इतरत्र नमुना नसेल तर दोन रकान्यांचा तक्ता स्वतः करा. डावीकडे तिकडचा विषय, त्याचा कोड आणि क्रेडिट्स. उजवीकडे आपल्या अभ्यासक्रमातला विषय, त्याचा कोड आणि क्रेडिट्स. सोबत तिकडच्या प्रत्येक विषयाचा सविस्तर अभ्यासक्रम छापून जोडा. विभागप्रमुख नुसत्या नावावरून सही करत नाहीत आणि त्यांचं बरोबरच आहे. "डेटा अँड सोसायटी" असं नाव असलेल्या विषयात नेमकं काय शिकवतात, ते त्यांना कळणार कसं?

आता आकडे. युरोपात एका सत्राला ३० ईसीटीएस (तिकडची क्रेडिट्स) धरतात, वर्षाला ६०. एक ईसीटीएस म्हणजे २५ ते ३० तासांचं एकूण काम, त्यात घरचा अभ्यासही आला. आपल्याकडे थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे वर्गातले १५ तास आणि सत्राला साधारण २० ते २२ क्रेडिट्स. त्यामुळे ३० ईसीटीएस बरोबर आपलं एक पूर्ण सत्र, असा हिशोब रास्त आहे; त्या मापाने ६ ईसीटीएसचा विषय आपल्या ४ क्रेडिट्सच्या आसपास येतो. पण प्रत्येक कॉलेज हेच प्रमाण धरेल याची खात्री नाही. कोणतं प्रमाण धरणार ते त्याच तक्त्याखाली एका ओळीत लिहून घ्या, नाहीतर परत आल्यावर दोन क्रेडिट्स कमी पडलेली निघतात आणि तेवढ्यासाठी एक पेपर द्यावा लागतो.

ग्रेडचंही तसंच. जर्मनीत १.० हा सर्वोत्तम शेरा आणि ४.० ला जेमतेम पास. इथल्या दहाच्या पट्टीची सवय असलेल्या माणसाला १.३ बघून मुलगी नापास झाली असं वाटू शकतं. जर्मनीत भारतीय गुणांचं रूपांतर बव्हेरियन सूत्राने करतात: सर्वोच्च गुणांतून मिळालेले गुण वजा करा, सर्वोच्च आणि किमान पास गुणांच्या फरकाने भागा, तीनने गुणा, एक मिळवा. सीजीपीए ८.२, सर्वोच्च १० आणि पास ४ धरला तर १.८ भागिले ६ म्हणजे ०.३, गुणिले ३ म्हणजे ०.९, अधिक १, उत्तर १.९. येताना तेच सूत्र उलटं वापरता येतं. फ्रान्समध्ये गुण २० पैकी असतात, १० ला पास, आणि १४ म्हणजे तिथे "चांगला" शेरा. त्या १४ ला सरळ ७० टक्के म्हटलं तर विद्यार्थ्यावर अन्याय होतो. रूपांतर कोण करणार आणि कशावरून, हे परीक्षा विभागाला आधीच विचारा. काही कॉलेजं ग्रेड न चढवता नुसतं "उत्तीर्ण" लिहून क्रेडिट्स देतात. मग त्या सत्राचा सीजीपीए कसा धरायचा, हाही प्रश्न त्याच बैठकीत सोडवून घ्या.

तिकडे पोचल्यावर एखादा विषय भरलेला निघतो किंवा वेळापत्रकात दोन तास एकमेकांवर येतात, आणि विषय बदलावा लागतो. तसं झालं तर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत बदललेल्या तक्त्यावर पुन्हा सगळ्या सह्या घ्या. "सरांना फोनवर सांगितलं होतं" याला परीक्षा विभागात काही किंमत नसते. सर बदली होऊन गेलेले असू शकतात.

शिवाय प्राचार्यांच्या सहीचं एक परवानगीपत्र हवं. त्यात सत्राच्या तारखा, हजेरीतून सूट आणि इंटर्नल परीक्षांचं काय करायचं हे स्पष्ट लिहिलेलं असावं. ते नसेल तर नाव डिफॉल्टर लिस्टवर, म्हणजे हजेरी कमी असलेल्यांच्या यादीत, लागतं आणि परीक्षा फॉर्म अडतो. निघायच्या आधी घरच्या एका माणसाच्या नावाने ऑथॉरिटी लेटर करून ऑफिसात देऊन ठेवा, म्हणजे फॉर्म भरणं, कागद आणणं ही कामं आई-बाबांना करता येतील.

नाव एकच हवं

महाराष्ट्रात हा घोळ फार होतो. दहावी-बारावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी असतं, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं; विद्यापीठाच्या मार्कशीटवर आईचंही नाव येतं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा असतो. मार्कशीटवरची "पाटील ऋतुजा संजय" पासपोर्टवर आडनाव पाटील, दिलेलं नाव ऋतुजा संजय अशी असली तर काही बिघडत नाही. बिघडतं ते पासपोर्टवर वडिलांचं नाव गाळलेलं असताना, आडनावाचा रकाना रिकामा असताना, किंवा इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका ठिकाणी एक अक्षर जास्त असताना. तिकडचं विद्यापीठ प्रवेशपत्र पासपोर्टप्रमाणे काढतं आणि ट्रान्सक्रिप्टवर नाव वेगळं दिसलं की पत्रव्यवहार सुरू होतो. पहिला अर्ज भरायच्या आधी सगळे कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडा आणि अक्षरन् अक्षर ताडून पाहा. किरकोळ फरक असेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र पुष्कळदा पुरतं. मोठा फरक असेल तर पासपोर्टच दुरुस्त करा.

ठाण्याचं पासपोर्ट सेवा केंद्र वागळे इस्टेटमध्ये आहे. ३६ पानी पासपोर्टला १,५०० रुपये लागतात, तत्काळला वर २,००० रुपये. अठरा वर्षांच्या आत काढलेला पासपोर्ट बहुधा पाच वर्षांचाच असतो, त्यामुळे शाळेत काढलेला पासपोर्ट नेमका एक्सचेंजच्या वर्षात संपतो. परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने मुदत उरेल असा पासपोर्ट हाताशी ठेवा. सध्याचा पत्ता नेरूळच्या भाड्याच्या घराचा आणि आधारवर सातारचा असेल तर पोलीस पडताळणी रेंगाळते; पत्त्याचं काम आधी उरका.

मूळ मार्कशीट कधीही लॅमिनेट करू नका. कागद परदेशात चालावा म्हणून लागणारा अपोस्टिल किंवा साक्षांकनाचा शिक्का आणि स्टिकर मूळ कागदावर लागतो, प्लास्टिकवर नाही. आधीच लॅमिनेट केलेली असेल तर दुय्यम प्रत काढायला आठवडे जातात. मुंबई विद्यापीठाच्या परीक्षा विभागाचं काम कलिन्याच्या विद्यानगरीत चालतं. तिथून काही हवं असेल तर ऐन निकालाच्या दिवसांत जाऊ नका.

पैसे: किती, कुठे आणि कसे दाखवायचे

ट्यूशन फी माफ असली तरी राहणं, खाणं, विमा, सत्रशुल्क आणि प्रवास आपलाच. जर्मनीच्या व्हिसासाठी महिन्याला ९९२ युरो या दराने ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात) पैसे दाखवावे लागतात, म्हणजे पाच महिन्यांना ४,९६० युरो. हा दर अधूनमधून वाढतो, म्हणून अर्जाच्या आठवड्यात पुन्हा पाहा. जपानमध्ये जासो या तिथल्या विद्यार्थी सेवा संस्थेची शिष्यवृत्ती मिळाली तर महिना ८०,००० येन मिळतात. ती विद्यापीठामार्फतच मिळते, त्यामुळे अर्जातच तिचा रकाना भरा.

बँक स्टेटमेंट शेवटच्या तीन ते सहा महिन्यांचं मागतात. त्यात अर्जाच्या आठ दिवस आधी अचानक सहा लाख जमा झालेले दिसले तर पैसे कुठून आले ते विचारतात. काकांकडून घेतलेले किंवा एफडी मोडून आलेले असतील तर त्याचा कागद सोबत जोडा. पतपेढीतली ठेव आपल्या घरांमध्ये सर्रास असते, पण व्हिसासाठी ती पुढे करू नका. राष्ट्रीयीकृत किंवा शेड्युल्ड बँकेतली रक्कम दाखवा आणि तीन महिने तिथेच राहू द्या. आई-बाबा खर्च करणार असतील तर त्यांचं स्पॉन्सरशिप पत्र आणि तीन वर्षांचे आयटी रिटर्न जोडा.

पैसे पाठवताना बँकेत ए-टू फॉर्म भरावा लागतो. शिक्षणाच्या खर्चासाठी उद्देश कोड एस०३०५ आहे. दुसरा कोड टाकला तर कराचा हिशोब बदलतो. वर्षभरात १० लाखांपर्यंत टीसीएस (पैसे पाठवताना बँक आधीच घेते तो कर) लागत नाही, आणि एक सत्र सहसा त्याच्या आतच बसतं. रोज वापरायला फॉरेक्स कार्ड, आणीबाणीला दुसरं कार्ड वेगळ्या पाकिटात, आणि पहिल्या आठवड्यापुरते रोख दोनशे-तीनशे युरो किंवा डॉलर. तिकडच्या एटीएमने "रुपयांत रक्कम कापू का?" असं विचारलं तर नाही म्हणा आणि तिथलंच चलन निवडा; रुपये निवडले की मशीनवाला आपला महागडा दर लावतो.

भारतीय सिम चालू ठेवा. बँकेचा ओटीपी त्यावरच येतो. निघण्याआधी आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्या आणि रिचार्जची तारीख घरी कुणाला तरी सांगून ठेवा. ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण सिम बंद पडलं की हॉस्टेलचं भाडं भरता येत नाही.

व्हिसा

देशागणिक पद्धत वेगळी, म्हणून फक्त नेमक्या अडणाऱ्या जागा सांगतो. अमेरिकेसाठी एक्सचेंजचा व्हिसा जे-वन असतो. तिकडचं विद्यापीठ डीएस-२०१९ फॉर्म पाठवतं आणि त्यावरच्या क्रमांकाने २२० डॉलर सेविस शुल्क (परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदणीचं) भरायचं. एफ-वनचे, म्हणजे डिग्रीसाठी जाणाऱ्यांच्या व्हिसाचे, व्हिडिओ बघून ३५० भरणारे असतात, त्यांना ते परत मिळवताना फार त्रास होतो. कार्यक्रम सुरू होण्याच्या ३० दिवसांहून आधी अमेरिकेत शिरता येत नाही, तेव्हा तिकीट त्या हिशोबाने काढा. मुलाखत बीकेसीच्या वकिलातीत. लॅपटॉप आणि मोठी बॅग घेऊन जाऊ नका, आत नेता येत नाही.

फ्रान्सला आधी कॅम्पस फ्रान्स या तिथल्या सरकारी संस्थेकडे नोंदणी आणि मुलाखत होते, मगच व्हिसा अर्ज. करार असला तरी ही पायरी सुटत नाही. नेदरलँड्समध्ये लांब मुदतीचा अर्ज तिकडचं विद्यापीठच करतं. जपानचं सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटी (व्हिसासाठी लागणारं पात्रतेचं प्रमाणपत्र) विद्यापीठ पाठवतं आणि ते तीन महिनेच चालतं. शेंगेन देशांसाठी (एकच सामाईक व्हिसा चालणारे युरोपातले देश) फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटर, अमेरिकेसाठी २ बाय २ इंच. कोपऱ्यावरच्या स्टुडिओत "पासपोर्ट साइज" एवढंच सांगितलं तर दोन्हीला न चालणारा फोटो मिळतो. शेंगेन अल्पमुदत व्हिसासाठी विम्याचं किमान संरक्षण ३०,००० युरो लागतं. लांब मुदतीच्या राष्ट्रीय व्हिसाला विम्याचे नियम वेगळे असतात, पॉलिसी घेण्याआधी ते वाचा.

बॅग भरताना

तेवीस किलोच्या बॅगेत आधी औषधं आणि कागद, मग बाकीचं. औषधांसोबत डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी हवी, त्यावर ब्रँड नव्हे तर मूळ घटकाचं नाव लिहून घ्या. जपानला जाताना विशेष काळजी घ्या: एक टक्क्याहून जास्त कोडीन किंवा दहा टक्क्यांहून जास्त स्यूडोएफेड्रीन असलेली औषधं आधी परवानगी घेतल्याशिवाय तिथे नेता येत नाहीत, आणि आपल्याकडच्या काही खोकल्याच्या व सर्दीच्या औषधांत ती असतात.

युरोपियन युनियनमध्ये प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. आजीने कढवलेलं साजूक तूप, पेढे, खव्याच्या पोळ्या कस्टममध्ये काढून टाकतात, तेव्हा ते घरीच राहू द्या. गोडा मसाला, मेतकूट, थालिपिठाची भाजणी, कोरडी लसणीची चटणी, पोहे हे हवाबंद पुड्यांत, वर इंग्रजीत नाव लिहून चेक-इन बॅगेत ठेवा. भाजणीच्या पांढुरक्या पिठावर काहीच लिहिलेलं नसेल तर पिशवी उघडतात. कुकर दोन किंवा तीन लिटरचा आणि इंडक्शनवर चालणाऱ्या बुडाचा घ्या, कारण हॉस्टेलमध्ये गॅस क्वचितच असतो. मिक्सर नेऊ नका: जपानमध्ये १०० व्होल्ट आणि अमेरिकेत १२० व्होल्ट असतात, आपला २३० व्होल्टचा मिक्सर तिथे चालत नाही. पॉवर बँक केबिन बॅगेतच ठेवायची, १०० वॉट-अवरच्या आतली. २०,००० एमएएचची चालते.

डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे. म्हणून तिकिटावर बीओएम (मुंबई) आहे की एनएमआय (नवी मुंबई) ते नीट वाचा, विशेषतः देशांतर्गत जोडविमान असेल तर. ऑगस्टअखेर-सप्टेंबरात निघणाऱ्यांच्या तारखा गणेशोत्सवात येतात. दीड, पाच, सात दिवसांच्या आणि अनंत चतुर्दशीच्या विसर्जनाला ठाण्यात रस्ते वळवतात. त्या दिवशी घरून नेहमीपेक्षा दोन तास आधी निघा.

पोचल्यावरचे पहिले दोन आठवडे

जर्मनीत राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते आणि त्यासाठी घरमालकाने सही केलेला कागद लागतो. जपानमध्ये १४ दिवसांत महापालिकेत पत्ता नोंदवायचा. फ्रान्समध्ये व्हीएलएस-टीएस व्हिसा (राहण्याचा परवाना म्हणूनही चालणारा लांब मुदतीचा व्हिसा) असेल तर तीन महिन्यांच्या आत तो ऑनलाइन व्हॅलिडेट करा, नाहीतर सुट्टीत बाहेर जाऊन परत शिरताना अडचण येते. खोलीत शिरल्या दिवशीच भिंती, गादी, शेगडी, खिडक्या यांचे फोटो काढून घरमालकाला मेल करा. अनामत रक्कम दोन-तीन महिन्यांच्या भाड्याइतकी असते आणि निघताना तिचा वाद याच फोटोंवर सुटतो. विषयांची नोंदणी आणि परीक्षेची नोंदणी जर्मनीत बऱ्याच ठिकाणी वेगवेगळी असते. तासांना नियमित बसूनही परीक्षेची नोंदणी चुकली तर क्रेडिट मिळत नाही, तेव्हा ती तारीख पहिल्या आठवड्यातच शोधून भिंतीवर लावा.

परत येताना

निघण्याआधी पत्त्याची नोंद रद्द करा आणि अनामत परत आल्यावरच बँक खातं बंद करा. ट्रान्सक्रिप्ट तयार व्हायला सत्र संपल्यानंतर महिना-दोन महिने लागतात, म्हणून आंतरराष्ट्रीय विभागाला कॉलेजचा अधिकृत ईमेल देऊन ठेवा आणि एक प्रत स्वतःकडेही मागा. ती हातात आल्यावर सुरुवातीचा सह्या केलेला तक्ता, मधल्या बदलांचा तक्ता, प्राचार्यांचं परवानगीपत्र आणि ट्रान्सक्रिप्ट असा एकच गठ्ठा करून परीक्षा विभागात द्या. आपल्या प्रतीवर तारखेसह इनवर्ड नंबरचा शिक्का मारून घ्या, आणि पुढची मार्कशीट आली की त्यातली क्रेडिट्स त्या तक्त्याशी ओळ लावून मोजा.